स्नायू नेमकं काय मोजतो?

दंडाचा घेर वाढायच्या कितीतरी आधी ताकद वाढते. नव्याने जिम लावलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या दीड महिन्यात माणूस साडेसात किलोच्या डंबेलवरून साडेबारावर जातो, आणि शर्टाच्या बाह्या होत्या तेवढ्याच सैल राहतात. मग "आपली अंगकाठीच अशी, आपल्याला काही होत नाही" असं म्हणून बरेच जण तिसऱ्या महिन्याची फी भरायचं टाळतात. स्नायूंचा आकार डोळ्यांना दिसेल इतका बदलू लागतो तो साधारण याच सुमाराला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सुरुवातीची ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची करामत असते. एका चेतापेशीच्या हुकमतीखाली दहा-वीसपासून हजाराच्या वरपर्यंत स्नायूतंतू असतात. चेतापेशी आणि तिचे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं. सवय नसलेला मेंदू ही युनिटं अर्धवट आणि विस्कळीतपणे वापरतो. सरावाने तो जास्त युनिटं, जास्त वेगाने, एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. उलट बाजूने खेचणाऱ्या स्नायूंना गप्प बसवायलाही शिकतो. १९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्हरीज या संशोधकांनी दंडातले विद्युतसंकेत मोजून दाखवलं, की पहिल्या काही आठवड्यांतल्या ताकदीत मोठा वाटा मज्जातंतूंचा असतो आणि स्नायूच्या आकाराचा वाटा पुढे हळूहळू वाढत जातो.

पण म्हणून त्या आठवड्यांत स्नायू स्वस्थ बसलेला नसतो. पहिल्याच दिवशी, पहिला सेट संपल्यावर काही मिनिटांत, त्याच्या आत रासायनिक हालचाल सुरू झालेली असते. गंमत अशी, की व्यायाम करताना आपल्याला जे जाणवतं (घाम, थरथर, फुगलेला दंड, दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं) त्यातलं फारसं काही स्नायू हिशेबात धरत नाही. तो मोजतो वेगळंच, आणि त्याची नोंदही वेगळ्याच ठिकाणी ठेवतो. ही मोजणी आणि ही नोंद गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरीच उलगडली आहे.

आधी स्नायूची रचना बघू. एक स्नायूतंतू म्हणजे एकच पेशी, पण पेशी म्हणून विलक्षण. जाडी केसाएवढी, लांबी कित्येक सेंटिमीटर, आणि आत एक नव्हे तर शेकडो केंद्रकं. गर्भात असताना अनेक छोट्या पेशी एकमेकींत विरघळून हा तंतू तयार होतो, म्हणून ही एवढी केंद्रकं. त्याच्या आत लांबीच्या दिशेने बारीक धागे असतात, आणि प्रत्येक धागा सार्कोमिअर नावाच्या तुकड्यांचा बनलेला असतो. एक सार्कोमिअर दोन-अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे सेंटिमीटरभर धाग्यात सुमारे चार हजार. आकुंचन घडतं ते याच तुकड्यात. मायोसिन या प्रथिनाच्या जाड काडीवर शेकडो डोकी असतात. ती शेजारच्या ॲक्टिनच्या बारीक काडीला पकडतात, काही नॅनोमीटर ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. रस्सीखेचेत गडी जसे हात बदलत दोर ओढतात तसंच, फक्त इथे दर ओढीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. या दोघांशिवाय टायटिन नावाचं तिसरं प्रथिन आहे, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं. ते स्प्रिंगसारखं ताणलं जातं. ते पुढे कामाला येणार आहे.

स्नायू वाढतो तेव्हा तंतूंची संख्या जवळपास तेवढीच राहते. आहे तो तंतू जाड होतो, कारण त्याच्या आत नवे धागे जुन्यांना लगटून उभे राहतात. धागे प्रथिनांचे आहेत. त्यामुळे 'बॉडी बनते कशी' हा प्रश्न अखेर असा होतो: ओझं उचललं ही बातमी पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचते कशी?

ईस्टर बेटावरची माती

या प्रश्नाचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर व्यायामशास्त्रातून आलंच नाही. १९६४ मध्ये कॅनडातलं एक वैद्यकीय पथक पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं आणि येताना मातीचे नमुने घेऊन आलं. ते माँट्रिअलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचले. तिथे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल काम करत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मातीतल्या एका जीवाणूपासून बुरशी मारणारं रसायन वेगळं काढलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रसायनाचं नाव रॅपामायसिन. पुढे माँट्रिअलची प्रयोगशाळा बंद झाली आणि कंपनीने या कामातला रस सोडला. सेहगलांनी मात्र तो जीवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली.

दरम्यान शास्त्रज्ञ एक साधा प्रश्न विचारत होते: हे रसायन पेशीत जाऊन चिकटतं कुणाला? उत्तर मिळालं यीस्टमध्ये १९९१ साली आणि सस्तन प्राण्यांत १९९४ साली. ते प्रथिन म्हणजे एमटॉर. पेशीने आता वाढावं की थांबावं याचा निर्णय ज्या थोड्या प्रथिनांच्या हाती असतो, त्यांतलं हे प्रमुख. अन्न आहे का, ऊर्जा आहे का, इन्सुलिन काय सांगतंय, या सगळ्या बातम्या त्याच्याकडे येतात. आणि स्नायूत त्यात आणखी एक भर पडते, ताणाची.

एमटॉर जागा झाला की तो इतर प्रथिनांना फॉस्फेटचे गट चिकटवत सुटतो. पेशीत जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात येते, आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन गुंफतो. हे वाचन सुरू होऊ नये म्हणून एरवी एक अडसर लावलेला असतो. एमटॉर त्या अडसराला फॉस्फेट चिकटवून तो बाजूला करतो. त्याच वेळी दुसऱ्या एका एन्झाइमला चालना देऊन वाचनाचा वेग वाढवतो. १९९९ मध्ये बार आणि एसर यांनी उंदरांत दाखवलं, की व्यायामानंतर या दुसऱ्या एन्झाइमला जितकं फॉस्फेट चिकटतं, त्या प्रमाणात काही आठवड्यांनी स्नायूचं वजन वाढलेलं असतं. २००१ मध्ये उंदरांना रॅपामायसिन दिल्यावर ओझ्याने होणारी वाढ रोखली गेली. आणि २००९ मध्ये माणसांवर प्रयोग झाला. तरुणांनी पायांचा व्यायाम केला, काहींना आधी रॅपामायसिनचा डोस दिला. न दिलेल्यांच्या स्नायूंत एक-दोन तासांत प्रथिननिर्मिती सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. दिलेल्यांत ती वाढ झालीच नाही. वजन दोघांनीही उचललं होतं, थकले दोघेही होते. बातमी मात्र मधेच अडवली गेली होती.

त्या बातमीचा पहिला टप्पा, म्हणजे ताणाचं रसायनात रूपांतर, अजून वादाचा आहे. सार्कोमिअर ज्या खुंट्यांनी पेशीच्या पडद्याला बांधलेले असतात तिथली प्रथिनं ताणली गेली की सक्रिय होतात, हे दिसलं आहे. टायटिनचा एक भाग ताणाखाली उलगडतो आणि मग त्यावर रासायनिक क्रिया होऊ शकते, हेही दिसलं आहे. पडद्यातल्या फॉस्फॅटिडिक ॲसिड नावाच्या मेदरेणूचाही हात आहे. यातला मुख्य कोण यावर प्रयोगशाळांचं एकमत नाही. मात्र स्नायू ताण मोजतो, म्हणजे प्रत्येक तंतूवर प्रत्यक्ष किती ओढ आली ते मोजतो, याबद्दल दुमत उरलेलं नाही.

इथे 'प्रत्येक तंतूवर' हे शब्द महत्त्वाचे. मेंदू आधी लहान युनिटं कामाला लावतो, मोठी आणि ताकदवान युनिटं राखून ठेवतो. जड वजन असेल तर मोठी पहिल्या रेपलाच येतात. हलकं असेल तर लहान युनिटं दमल्यावर येतात. म्हणून एका पायाने कमाल वजनाच्या ८० टक्क्यांवर आणि दुसऱ्या पायाने ३० टक्क्यांवर, पण अगदी उठवेना होईपर्यंत सेट काढले, तर दोन्ही मांड्यांची वाढ सारखीच होते, असं २०१२ मध्ये दिसलं. कमाल ताकदीसाठी जड वजन सरस, आकारासाठी दोन्ही चालतं. आपल्या तालमीतल्या जोर-बैठकांनी देह का बनतात याचं उत्तर यात आहे, आणि एका टप्प्यानंतर ते थबकतात का याचंही. पाचशे बैठका ज्याला सहज जमतात, त्याच्या मांड्यांना पाचशेएकावी बैठक काही नवं सांगत नाही. तिथे मुद्गल, करेला किंवा पाठीवर दुसरा पठ्ठा घेऊन बैठका, अशी ओझ्याची चढती कमान लागतेच.

सोमवारचं दुखणं

पावसाळ्यातल्या रविवारी आतकरवाडीकडून सिंहगड चढून, पिठलं-भाकरी खाऊन, गुडघे सांभाळत खाली उतरलेला पुणेकर सोमवारी सकाळी जिन्याचा कठडा धरून उतरतो आणि म्हणतो, "मांडीत लॅक्टिक ॲसिड साचलंय." नाही साचलेलं. लॅक्टेट (या ॲसिडचं शरीरातलं रूप) श्रमानंतर तासाभरात रक्तातून जवळजवळ निवळून जातं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात. सोमवारचं दुखणं उतरण्याचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू आखडलेला असतानाच लांब होतो, तेव्हा थोड्याच तंतूंवर जास्त ताण येतो. काही सार्कोमिअर ताणून विस्कटतात, कॅल्शियम नको तिथे पाझरतं, आणि मग दाह सुरू होतो. दुखणं कमाल पातळीला जातं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पुढच्या खेपेला तोच गड निम्मासुद्धा दुखत नाही, कारण स्नायू या प्रकाराला पटकन सरावतो.

जिममध्ये मात्र या दुखण्याला पदक मिळाल्यासारखं मिरवलं जातं. "काल लेग डे होता, आज बसता येत नाही" हे तक्रारीच्या सुरात कुणी म्हणत नाही. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दामास आणि सहकाऱ्यांनी नवख्या तरुणांना दहा आठवडे व्यायाम देऊन, सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्यात आणि शेवटी त्यांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. पहिल्या व्यायामानंतर प्रथिननिर्मिती सर्वांत जास्त होती, आणि स्नायूची मोडतोडही सर्वांत जास्त. पण त्या उसळीचा अंतिम वाढीशी काही मेळ बसला नाही. ती दुरुस्तीत खर्च झाली होती. तिसऱ्या आठवड्यापासून मोडतोड कमी झाली, आणि तिथून पुढच्या प्रथिननिर्मितीचा वाढीशी मेळ बसला. मोडतोड करून स्नायू बांधायचा ही कल्पना लोकांच्या डोक्यात इतकी रुजली आहे, की तिच्याविरुद्ध बोललं तर ट्रेनर नाराज होतात. दुखणं हे सवय नसल्याचं लक्षण आहे, यापलीकडे त्याला फार किंमत देऊ नये.

एका व्यायामाचा परिणाम किती टिकतो? १९९७ मधल्या एका अभ्यासात प्रथिननिर्मिती तीन तासांनी ११२ टक्क्यांनी, चोवीस तासांनी ६५ टक्क्यांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी ३४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे दोन दिवसांत उतरती कळा. सरावलेल्या माणसात ही लाट आणखी आखूड असते. एका स्नायूला आठवड्यातून एकदाच पिळून काढण्यापेक्षा तेवढंच काम दोनदा विभागून करणं सोयीचं का पडतं, ते यावरून लक्षात यावं. शिवाय त्याच अभ्यासात प्रथिनांची मोडही वाढलेली होती, आणि उपाशीपोटी तपासलेल्या त्या माणसांत जमाखर्चाची बाजू वजाच राहिली होती. जमा व्हायला अन्न लागतं.

अन्नाकडे बघताना दोन आकडे पुरेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. व्यायाम करणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये झाला. त्यात १.६ ग्रॅमच्या आसपास फायदा सपाट होतो असं दिसलं. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम विरुद्ध शहाण्णव ग्रॅम. आता आपलं ताट आठवा. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच्या वर फारसं काही नसतं. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या मुगाच्या डाळीत चोवीस, तेवढ्याच सोया चंक्समध्ये पन्नास. घट्ट उसळ, दही, अंडी, दाणे, मासे असं थोडं सरकवलं तर शहाण्णवच्या जवळ जाता येतं. पावडर सोयीची आहे, जादूची नाही. मिसळीतली मटकी हे उत्तम कडधान्य आहे, तर्रीबद्दल मी काही बोलत नाही.

व्यायामानंतर अर्ध्या तासात शेक प्यायला नाही तर सगळं वाया, हीसुद्धा अशीच घाई. प्रथिनं पचली की ल्युसिन हे अमिनो आम्ल पेशीत पोचतं. सेस्ट्रिन नावाचं प्रथिन एरवी एमटॉरला दाबून धरत असतं. ल्युसिन त्याला चिकटलं की ती पकड सुटते. एमटॉरला ताणाची बातमी आणि अन्नाची बातमी अशा दोन्ही मिळाल्या की काम जोरात चालतं. पण ताणाची बातमी दिवसभर ताजी असते, त्यामुळे घरी येऊन नीट जेवलात तरी चालतं.

नोंद कुठे राहते

इथवर सगळं तास-दोन दिवसांच्या मापाचं झालं. सांगाड्याच्या स्नायूंतली प्रथिनं रोज एक-दीड टक्का बदलली जातात, त्यामुळे रोजचा शिलकीचा आकडा अगदी किरकोळ असतो आणि तो साचायला महिने लागतात. पण काही महिन्यांनी यंत्रणा आपलं स्वरूपच बदलते. पहिला बदल रायबोसोमचा. सुरुवातीला आहेत तेच रायबोसोम जास्त राबतात. ओझं पुन्हा पुन्हा येत राहिलं की पेशी नवे रायबोसोम बनवायला घेते. हे खर्चाचं काम आहे. माणसामाणसांत वाढीचा जो फरक दिसतो, त्यात नवे रायबोसोम किती बनले याचाही वाटा असल्याचं अभ्यासांत दिसतं.

दुसरा बदल केंद्रकांचा. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचा स्नायू बघताना तंतूच्या पृष्ठभागाला चिकटून झोपल्यासारख्या पडलेल्या छोट्या पेशी टिपल्या. या सॅटेलाईट पेशी म्हणजे स्नायूच्या मूलपेशी. ओझं आलं, इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि काही तंतूत विलीन होऊन त्याला स्वतःचं केंद्रक देऊन टाकतात. तंतू जाड झाला की एका केंद्रकाला सांभाळायचा इलाका वाढतो, म्हणून मोठ्या वाढीसाठी ही कुमक लागते.

आता व्यायाम सुटला, लग्नसराई आली, पाय मुरगळला, वर्षभर जिमचं तोंड पाहिलं नाही, की तंतू बारीक होतो. केंद्रकांचं काय? २०१० मध्ये नॉर्वेच्या गुंडरसेन यांच्या गटाने जिवंत उंदरांच्या स्नायूंत डोकावून पाहिलं: ओझ्याने केंद्रकं वाढली, आणि स्नायू रोडावल्यावरही ती तिथेच राहिली. पूर्वी मेहनत केलेल्याचा देह लवकर परत भरतो, या तालमीतल्या अनुभवाला त्यातून एक आधार मिळाला. पुढे काही प्रयोगांत केंद्रकं कमी होतानाही दिसली, त्यामुळे हा निकाल अंतिम समजू नये.

पण दुसरी एक नोंद सापडली आहे, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. डीएनएवर मिथाइलचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. एखाद्या जनुकापाशी ते दाटले की ते जनुक सहसा कमी वाचलं जातं, निघाले की वाचायला मोकळं होतं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या शार्पल्स यांच्या गटाने काही तरुणांना सात आठवडे व्यायाम, मग सात आठवडे पूर्ण सुट्टी, मग पुन्हा सात आठवडे व्यायाम असा क्रम दिला आणि डीएनएवरच्या साडेआठ लाख जागा तपासल्या. पहिल्या फेरीत अनेक जागांवरचे मिथाइल गट निघाले. सुट्टीत स्नायू परत पूर्वीच्या मापावर आला, पण त्यांतल्या काही जागा मोकळ्याच राहिल्या. दुसऱ्या फेरीत तीच जनुकं जास्त जोमाने वाचली गेली आणि स्नायूही जास्त वाढला. आरशात काहीच उरलेलं नसताना डीएनएवर सात आठवड्यांची मेहनत शिल्लक होती.

तिसरा बदल मायोसिनच्या जातीचा, तो पटकन सांगतो. आतल्या मायोसिनच्या जातीनुसार माणसात एक मंद आणि दोन जलद प्रकारचे तंतू आहेत. जलद प्रकारांतला सर्वांत चपळ पण लगेच दमणारा प्रकार नियमित वजनांनी कमी होतो, आणि त्याचे तंतू दमदार जलद प्रकाराकडे वळतात. तीन महिने व्यायाम आणि मग तीन महिने विश्रांती दिलेल्या एका डॅनिश अभ्यासात या चपळ मायोसिनचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून २ वर आलं आणि विश्रांतीनंतर १७ वर गेलं. म्हणजे अतिचपळ तंतू ही आराम करणाऱ्याची मिळकत आहे!

वाढीला लगामही असतो. १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली यांच्या प्रयोगशाळेने मायोस्टॅटिन या वाढ रोखणाऱ्या प्रथिनाचं जनुक शोधलं. ते काढून टाकलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांची पुठ्ठ्यांवर पुठ्ठे चढवल्यासारखी शरीरयष्टी याच जनुकातल्या बिघाडामुळे असते. आपल्यात हा लगाम शाबूत असतो, आणि तो असावाच. एवढं मांस पोसायला लागणारं अन्न निसर्गाने कायम गृहीत धरलेलं नाही.

सुईचा मोह

हार्मोनांबद्दल जिममध्ये एक समज पक्का आहे: पायांचा जबर व्यायाम केला की टेस्टोस्टेरॉन उसळतं आणि त्याचा फायदा हातांना होतो. २०१० मध्ये कॅनडात हे थेट तपासलं. त्याच माणसांचा एक हात नुसताच, आणि दुसरा हात पायांच्या जोरदार व्यायामासोबत, असा पंधरा आठवडे चालवला. हार्मोनांची उसळी दुसऱ्या हाताच्या दिवशी खूप मोठी होती. वाढ दोन्ही हातांत सारखी. तासाभराची नैसर्गिक उसळी स्नायू हिशेबात धरत नाही.

बाहेरून टोचलेल्या मोठ्या डोसची गोष्ट वेगळी, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९९६ मध्ये भसीन यांच्या अभ्यासात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दहा आठवडे दिलं, तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू वाढले. अशी स्टिरॉइडं काम करतात, म्हणूनच ती विकली जातात. त्यासोबत शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू बनवणं बंद पडतं, चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, आणि हृदयाचा स्नायूही जाड होत जातो. मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. ते तर भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. त्याने स्नायूत काही बांधलं जात नाही. फक्त थकवा जाणवत नाही आणि हृदय धडधडत राहतं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना ते विकणाऱ्यांविषयी सभ्य शब्द सुचत नाहीत.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचं शहर आहे, त्यामुळे धावणाऱ्यांची एक शंका ठरलेली: पळण्याने कमावलेला स्नायू जातो का? शंका १९८० च्या हिक्सन यांच्या प्रयोगातून आली. वजनं आणि जोरदार धावणं-सायकलिंग दोन्ही करणाऱ्यांची ताकद शेवटच्या आठवड्यांत घसरली होती. ऊर्जा कमी पडली की जागं होणारं एएमपीके हे एन्झाइम एमटॉरला आवरतं, असं त्याचं रासायनिक स्पष्टीकरणही मिळालं. पण हिक्सन यांच्या माणसांचं वेळापत्रक अमानुष होतं. नंतरचे एकत्रित अभ्यास सांगतात, की सर्वसाधारण प्रमाणात दोन्ही केलं तर आकारात फरक पडत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्याने काळजी करू नये.

साठीनंतर

वय वाढलं की हीच यंत्रणा बधिर होते. तेवढीच प्रथिनं, तेवढाच ताण, पण एमटॉरचा प्रतिसाद कमी. सॅटेलाईट पेशीही घटतात, विशेषतः जलद तंतूंभोवतीच्या. पण बधिर म्हणजे बहिरी नव्हे. १९९० मध्ये फियातारोने यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा जड व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधली दरी बघा: बराचसा भाग पुन्हा मज्जासंस्थेचा, पण नव्वदीतही स्नायू भरला हे खरं.

आपल्याकडे हा विषय साठीच्या खूप आधी सुरू होतो, आणि त्याचा पुरावा पुण्यातच गोळा झाला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आत मात्र एकाकडे स्नायू आणि दुसऱ्याकडे मेद. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी भरला होता तो मुख्यतः स्नायू, त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा भाग स्नायूच उचलतो. ग्लूट-४ हे वाहक प्रथिन पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. त्याला वर आणणारे हुकूम दोन: इन्सुलिनचा आणि आकुंचनाचा. दुसऱ्याला पहिल्याची गरज नसते, त्यामुळे इन्सुलिनला दाद न देणाऱ्या माणसातही काम करणारा स्नायू साखर ओढतो. नियमित वजनांनी पेशीतलं ग्लूट-४ वाढतं, आणि साखर ठेवायला स्नायूही.

यासाठी जिमची पायरी चढायलाच हवी असं नाही. गुडघे आणि रक्तदाब डॉक्टरांनी बघून दिलेले असतील, तर भक्कम खुर्ची भिंतीला टेकवावी, हात छातीशी घ्यावेत आणि सावकाश उठबस करावी. आणखी दोन-तीन वेळाच जमेल असं वाटलं की थांबावं, दोन मिनिटं बसून पुन्हा एकदा करावं. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. पंधरा वेळा सहज व्हायला लागलं, की नातवाचं दप्तर छातीशी धरावं. ते बहुधा पुरेसं जड असतंच.